बीएमपीचं त्रांगडं

माझी ऐन उमेदीची वर्षं एका प्रोटीनमागे गेली. नाव बीएमपी-४. बीएमपी म्हणजे बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन, हाडं घडवणारं. हाडांशी माझा काडीचा संबंध नाही; मी काम केलं ते उंदराच्या मेंदूतल्या मूलपेशींवर, म्हणजे ज्यांच्यापासून मेंदूच्या बाकीच्या पेशी घडतात त्या स्टेम सेलवर. पण १९६५ साली मार्शल युरिस्ट या अमेरिकन हाडांच्या डॉक्टरने क्षार काढून टाकलेल्या हाडाचे तुकडे प्राण्यांच्या स्नायूंत बसवले, तिथे नवं हाड धरलं, आणि ज्या कुणामुळे ते धरलं त्याला पुढे हे नाव चिकटलं. नंतर कळलं की हा एकटा नाही, भलंमोठं खानदान आहे, आणि हाडांपेक्षा त्यांचे बाकीचे उद्योगच जास्त आहेत. तोवर नाव रूढ झालं होतं.

थीसिस जमा केलाय, व्हायव्हाची तारीख यायचीय, म्हणून सध्या मुक्काम देवगडला. ऑगस्टचा पाऊस, वाऱ्याच्या मर्जीवर चालणारी लाईट, आणि गणपतीच्या आधीची घराची साफसफाई. येणारा-जाणारा विचारतो, मुलीने इतकी वर्षं पुण्यात नेमकं केलं काय? आत्येला सांगितलं, उंदराच्या गर्भातल्या पिल्लांच्या मेंदूतल्या पेशी वाढवते. ती म्हणाली, "गे बाये, आणि तेंका कित्याक तरास दितंस?" याला माझ्याकडे एथिक्स कमिटीचं उत्तर आहे, पण ते आत्येला पटण्यातलं नाही. बाबांचा प्रश्न मात्र थेट वर्मावर होता. "सगळ्यो पेशी एकाच पेशीपासून झाल्यो, डीएनए सगळ्यांत तोच. मगे तेंका कसा कळता, आपण कोण होवचा ता?"

पुस्तकी उत्तर छोटं आहे. पेशीबाहेर एखादं प्रोटीन येतं, पेशीच्या आवरणावरच्या रिसेप्टरला चिकटतं, आतल्या प्रोटीनांवर एकामागोमाग एक फॉस्फेट बसत जातात, शेवटी त्यातलं कुणीतरी केंद्रकात शिरून डीएनएवर बसतं, आणि काही जनुकं चालू होतात, काही बंद. बीएमपीच्या बाबतीत हा आतला निरोप्या म्हणजे स्मॅड नावाची प्रोटीनं. प्रत्येक लॅबच्या भिंतीवर या मार्गांचा एक रंगीत तक्ता असतो, केमिकल विकणाऱ्या कंपन्या फुकट देतात. नॉच, विंट, हेजहॉग, बीएमपी, एफजीएफ. प्रत्येकाचा एक बाण आणि बाणाच्या टोकाशी 'न्यूरॉन', म्हणजे निरोप वाहणारी मज्जापेशी, नाहीतर 'ग्लिया', म्हणजे न्यूरॉनना सांभाळणाऱ्या पेशी. त्या तक्त्याशी माझं जुनं भांडण आहे. त्यावर वेळ कुठेच लिहिलेली नसते. मेंदूच्या पेशींना, त्यांच्या पूर्वजांना आणि वंशजांना धरून, बीएमपी आयुष्यात निदान चारदा भेटतं आणि चारही वेळा त्यांच्याकडून वेगळंच काहीतरी करून घेतं. प्रोटीन तेच, रिसेप्टरही बहुतेक तेच. बदललेली असते ती पेशी.

पहिली भेट होते तेव्हा मेंदू नावाची गोष्टच अजून नसते.

१९२४ साली जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये हान्स श्पेमान आणि त्यांची विद्यार्थिनी हिल्डे मांगोल्ट यांनी न्यूटच्या गर्भांवरचा एक प्रयोग छापला. न्यूट म्हणजे पालीसारखा दिसणारा, पण बेडकाच्या जातकुळीतला प्राणी. एका फिकट रंगाच्या जातीच्या गर्भातून, जिथून पेशी आत वळायला लागतात तिथला वरच्या बाजूचा एक कणभर तुकडा कापून त्यांनी दुसऱ्या, गडद जातीच्या गर्भात पोटाच्या बाजूला बसवला. त्या जागी दुसरा गर्भच उभा राहिला, स्वतःच्या पाठीच्या कण्यासकट आणि चेतानलिकेसकट, म्हणजे जिच्यापासून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होतो त्या नळीसकट. खरी गंमत रंगात होती. ती दुसरी चेतानलिका बहुतांशी गडद पेशींची, म्हणजे यजमान गर्भाच्या स्वतःच्या पेशींची होती. ज्यांची एरवी पोटाची कातडी व्हायची, त्या पेशी मज्जासंस्था होऊन बसल्या होत्या. हे हिल्डेचं पीएचडीचं काम. पेपर छापून आला त्याच वर्षी घरातल्या स्टोव्हच्या अपघातात ती गेली. श्पेमानना १९३५ चं नोबेल मिळालं.

मग त्या तुकड्यातून नेमकं काय सुटतं याचा शोध सुरू झाला आणि पुढची साठ-सत्तर वर्षं तो लोकांना वेड लावत राहिला. उकळून मारलेल्या ऊतीनेही परिणाम व्हायचा. मेथिलीन ब्लू या साध्या रंगानेही व्हायचा. सगळे 'मेंदू हो' असं सांगणारा पदार्थ शोधत होते. १९८९ मध्ये दिसलं की बेडकाच्या गर्भातल्या वरच्या थराच्या पेशी नुसत्या सुट्ट्या करून काही तास पाण्यात मोकळ्या ठेवल्या आणि पुन्हा गोळा केल्या, तरी त्या मज्जापेशी होतात. कुणी काही सांगितलंच नव्हतं! १९९२ मध्ये नॉगिन सापडलं, १९९४ मध्ये कॉर्डिन, आणि ही दोन्ही प्रोटीनं काय करतात ते पुढच्या दोन-तीन वर्षांत उलगडलं: पेशीबाहेर फिरणाऱ्या बीएमपीला ती पकडतात आणि रिसेप्टरपर्यंत पोचूच देत नाहीत. बीएमपी त्या पेशींना सतत 'कातडी हो' म्हणत असतं. ते बोलणं बंद पडलं की पेशी मज्जासंस्थेकडे वळते. पेशी सुट्ट्या केल्या तेव्हा बीएमपी पाण्यात विरून गेलं होतं, इतकंच. (कोंबडीच्या गर्भात प्रकरण इतकं सरळ नाही, तिथे एफजीएफ आधी येऊन गेलेलं असावं लागतं. पण पाया हाच.)

इथवर ऐकल्यावर बाबा म्हणाले, "म्हणजे तुमचा पण कल्टारच मगे."

हापूसवाल्या घरात जन्मून हे मला आधी सुचलं नव्हतं, आणि आता ते डोक्यातून जात नाही. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत आमच्याकडे कल्टार घालतात. कलमाच्या विस्ताराचा व्यास मोजायचा, मीटरमागे तीन मिली हिशोबाने औषध पाण्यात कालवायचं, आणि बुंध्याभोवती पहारीने भोकं पाडून त्यात ते थोडं थोडं ओतायचं. आतलं रसायन पॅक्लोब्युट्राझॉल. झाडात जिबरेलिन नावाचं संप्रेरक तयार होतं आणि ते फांदीच्या डोळ्याला, म्हणजे कोंबाला, पालवीकडे ढकलत राहतं; कल्टार ते तयार होणंच रोखतं. मोहोर आणणारं त्यात काही नाही. पालवीचा रेटा कमी झाला की थंडी पडल्यावर तोच डोळा मोहोरतो. आणि पुढची गोष्ट बाबांनीच सांगितली, मी विचारायच्या आत: काडी जून झालेली नसेल तर कल्टार घालून उपयोग शून्य. कोवळ्या काडीला कुठलंही औषध मोहोर आणत नाही. माझ्या थीसिसचं तिसरं प्रकरण इतक्या कमी शब्दांत कुणी सांगितलं नव्हतं, गाईडनेसुद्धा नाही.

लॅबमध्ये आता माणसाच्या मूलपेशींपासून मज्जापेशी करायच्या तर पहिली पायरी हीच असते. २००९ साली न्यूयॉर्कच्या लोरेन्झ श्टुडर यांच्या गटाने माणसाच्या गर्भमूलपेशींवर नॉगिन आणि एसबी-४३१५४२ नावाचा छोटा रेणू एकत्र घातला. नॉगिन बीएमपीची वाट अडवतं आणि दुसरा रेणू त्याच्या चुलत घराण्याची, म्हणजे टीजीएफ-बीटा आणि अ‍ॅक्टिव्हिनची. ८० टक्क्यांहून जास्त पेशी मज्जासंस्थेच्या वाटेला लागल्या. त्याआधी हे काम पेशींचे गोळे करून, उंदराच्या दुसऱ्या पेशींच्या अंथरुणावर वाढवून, नशिबाच्या भरवशावर चालायचं. आता हीच पद्धत जगभर चालते. नॉगिन महाग पडतं म्हणून त्याच्या जागी एलडीएन-१९३१८९ हे स्वस्तातलं रसायन वापरतात. आमचीही तीच बाटली होती, उणे वीसच्या फ्रीजरमध्ये वरच्या कप्प्यात, फॉइलमध्ये गुंडाळलेली.

दुसरी भेट चेतानलिकेत. ही मला सगळ्यात आवडते, कारण ती डोळ्यांनी बघता येते. कोंबडीचं फलित अंडं इन्क्युबेटरमध्ये दोन-अडीच दिवस आडवं ठेवायचं. सिरिंजने बोथट टोकाकडून थोडा पांढरा बलक काढून घ्यायचा, म्हणजे गर्भ कवचापासून खाली सरकतो. वर चिकटपट्टी लावून वाकड्या कात्रीने खिडकी कापायची. आत फक्त पिवळं दिसतं. मग गर्भाच्या खाली थोडी काळी शाई टोचायची, आणि त्या काळ्यावर एकदम अख्खा गर्भ उमटतो: धडधडणारं हृदय, पाठीच्या दोन्ही बाजूंना मणक्यांच्या ठोकळ्यांची रांग, आणि मधोमध एक पारदर्शक नळी. तीच चेतानलिका. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा शेजारच्या टेबलावरची सीनियर म्हणाली, तोंड मिट, थुंकी उडेल.

त्या नळीच्या वरच्या कडेकडून बीएमपी येतं आणि खालून, म्हणजे नळीखालच्या पृष्ठरज्जू नावाच्या दांड्याकडून, सॉनिक हेजहॉग हे प्रोटीन. सॉनिक म्हणजे व्हिडिओ गेममधला तोच निळा साळिंदर. १९९३ मध्ये हे जनुक सापडलं तेव्हा नाव ठेवणारे तरुण होते. हेजहॉग घराण्यातलं मूळ जनुक मात्र क्रिस्तियाने न्युस्लाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाऊस यांनी १९८० मध्ये फळमाश्यांत शोधलेलं, त्या कामाला १९९५ चं नोबेल आहे. खालून हेजहॉगची मात्रा जितकी जास्त आणि जितका जास्त वेळ, तितकी पेशी 'खालची'. थोड्या मधल्या मात्रेला स्नायूंना हलवणारे मोटर न्यूरॉन. वरच्या बाजूला बीएमपीमुळे स्पर्शाचे, दुखण्याचे निरोप पुढे नेणारे न्यूरॉन. इथे बीएमपी कातडी करत नाही, कारण आता समोरची पेशी कातडी होण्याच्या वयातून बाहेर पडलेली आहे. ते तिला फक्त 'तू वरची' एवढं सांगतं.

हेजहॉग बंद पडलं तर काय होतं तेही लोकांनी पाहिलंय. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या आयडाहोमध्ये मेंढ्यांना एका डोळ्याची कोकरं होत होती. कारण निघालं कुरणातलं एक रानझाड, व्हेराट्रम कॅलिफोर्निकम. त्यातल्या विषाला पुढे सायक्लोपामीन म्हणायला लागले. ते हेजहॉगच्या मार्गातल्या स्मूदन्ड नावाच्या प्रोटीनला अडवतं, मग पुढचा मेंदू दोन भागांत दुभंगतच नाही. मेंढीने ते गाभण राहिल्यावर साधारण चौदाव्या दिवशी खाल्लं तरच; आठवडाभर इकडेतिकडे झालं की कोकराचे डोळे दोन. पुन्हा वेळच.

आता एक अडचण. सगळ्याच मूलपेशी सिग्नल मिळाल्याबरोबर न्यूरॉन झाल्या तर पुढच्या न्यूरॉनसाठी मागे कोण उरणार? आणि ग्लियासाठी? इथे बीएमपी बाजूला ठेवून नॉचकडे जावं लागतं. नॉच आणि डेल्टा ही दोन्ही प्रोटीनं पेशीच्या आवरणातच रोवलेली असतात, म्हणून हा निरोप फक्त खेटून बसलेल्या शेजारणीलाच देता येतो. जी पेशी न्यूरॉन व्हायला निघते ती आपल्या अंगावर जास्त डेल्टा मिरवते. शेजारणीच्या नॉचला तो लागतो, नॉचची आतली बाजू कापली जाऊन केंद्रकात जाते, तिथे हेस-१ सारखी जनुकं चालू करते, आणि हेस-१ न्यूरोजेनिन, एएससीएल-१ या न्यूरॉन घडवणाऱ्या जनुकांचा आवाज बंद करतं. शेजारीण मूलपेशीच राहते. एकीच्या पुढे जाण्याने दुसरी मागे थांबते आणि साठा टिकतो.

मला वाटायचं, ही मागे थांबलेली पेशी गप्प बसलेली असेल. क्योतोच्या र्‍योइचिरो कागेयामा यांच्या गटाने दाखवलं की ती अजिबात गप्प नसते. हेस-१ स्वतःचंच जनुक बंद करतं, मग स्वतः नाहीसं होतं, मग जनुक पुन्हा सुरू होतं. दर दोन-तीन तासांनी त्याची पातळी वर-खाली होत राहते. आणि त्याच्या उलट्या तालात एएससीएल-१ ही वर-खाली होतं. म्हणजे न्यूरॉन घडवणारं प्रोटीन मूलपेशीतही असतंच, फक्त टिकत नाही. २०१३ मध्ये त्यांनी निळ्या प्रकाशाने एएससीएल-१ चालू-बंद करता येईल अशा पेशी केल्या. दर तीन तासांनी प्रकाशाचा झोत दिला की पेशी विभागत राहिल्या, मूलपेशीच राहिल्या. दर अर्ध्या तासाने देऊन पातळी सतत वर ठेवली की न्यूरॉन झाल्या. प्रोटीन तेच, फरक नुसत्या लयीचा. हा पेपर मी होस्टेलच्या मेसमध्ये फोनवर वाचला आणि आमटी गार झाली. भिंतीवरच्या तक्त्यात हे कुठे आणि कसं काढणार, सांगा.

नॉचला कापणारी कात्री म्हणजे गामा सिक्रेटेज हे विकर. अल्झायमरमध्ये साचणारा अमायलॉइडचा तुकडाही हीच कात्री कापते. म्हणून ती बोथट करणारं औषध अल्झायमरवर चालेल अशी आशा होती. २०१० मध्ये तशी एक मोठी चाचणी थांबवावी लागली. रुग्णांची स्मरणशक्ती सुधारायच्या ऐवजी जास्त घसरली आणि त्वचेच्या कर्करोगाचं प्रमाण वाढलं. नॉच शरीरात इतर शंभर ठिकाणी कामाला असतो, त्याला सरसकट हात लावला की असं होतं.

विंटबद्दल थोडक्यातच लिहिते, नाहीतर हा लेख गणपतीपर्यंत संपायचा नाही. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पंख नसलेली फळमाशी, 'विंगलेस', जिच्यावरून या अख्ख्या मार्गाचं अर्धं नाव आलं, ती आर. पी. शर्मा यांनी १९७३ मध्ये नोंदवली आणि १९७६ मध्ये शर्मा आणि व्ही. एल. चोप्रा यांनी तिच्यावर सविस्तर पेपर लिहिला. दोघेही दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेतले. १९८२ मध्ये रुल न्युसे आणि हॅरोल्ड व्हार्मस यांना उंदराच्या स्तनाच्या गाठीत इंट-१ हे जनुक सापडलं, १९८७ मध्ये कळलं की दोन्ही एकाच जनुकाची दोन प्राण्यांतली रूपं. आमच्या एमएस्सीच्या वर्गात न्युसे सांगितले गेले, शर्मा नाहीत. मेंदूत विंटचं काम मुख्यतः मूलपेशींची संख्या वाढवण्याचं. २००२ मध्ये विंटच्या मार्गातलं बीटा-कॅटेनिन नष्टच होणार नाही असा बदल उंदरात केला, तर एरवी गुळगुळीत असणाऱ्या त्याच्या मेंदूच्या पृष्ठभागावर घड्या पडल्या.

आता तिसरी भेट, म्हणजे माझं काम.

उंदराचा गर्भकाळ एकोणीस-वीस दिवसांचा. मेंदूच्या सालीत आधी न्यूरॉन तयार होतात, ते बहुतेक संपले की जन्माच्या सुमारास अ‍ॅस्ट्रोसाइट, आणि नंतर ऑलिगोडेंड्रोसाइट; या दोन्ही ग्लियाच्याच जाती. हा क्रम मोडत नाही. अकराव्या-बाराव्या दिवसाच्या गर्भातून काढलेल्या मूलपेशी प्लेटच्या एका खळग्यात, सतराव्या दिवसाच्या दुसऱ्या खळग्यात. खालचं काचेचं गोल कव्हरस्लिप लॅमिनिन लावून तयार केलेलं. माध्यम तेच, गुलाबी. पेशी जास्त झाल्या की ते नारिंगीकडे झुकतं. दोन्हीकडे बीएमपी-४ सारखंच, मिलिलिटरला वीस नॅनोग्रॅम. काही दिवसांनी पेशी फॉर्मॅलिनने मारून रंगवायच्या: न्यूरॉन असतील तर हिरव्या, जीएफएपी हे प्रोटीन असणाऱ्या अ‍ॅस्ट्रोसाइट असतील तर लाल. पहिल्या खळग्यात लांब, बारीक, हिरवे धागे. दुसऱ्यात लालभडक, पसरट, फाटे फुटलेल्या पेशी, शेजारी शेजारी खेटून, मध्ये कुठे चुकार हिरवा. अंधाऱ्या खोलीत दोन्ही लागोपाठ बघताना, बाटली एकच होती यावर विश्वास बसत नाही. हा निकाल माझा नाही म्हणा, १९९० च्या दशकातच लोकांनी हे दाखवलं होतं. पण स्वतःच्या हाताने केल्याशिवाय चैन पडत नाही.

असं का होतं, याची दोन कारणं पक्की ठाऊक आहेत. स्मॅड केंद्रकात गेलं की त्याला पी-३०० नावाच्या मोठ्या प्रोटीनची सोबत लागते. लहान वयाच्या मूलपेशीत न्यूरोजेनिन भरपूर असतं आणि ते स्मॅड आणि पी-३०० या जोडीला न्यूरॉनच्या जनुकांवर नेऊन बसवतं. न्यूरोजेनिन ओसरलं की हीच जोडी स्टॅट-३ नावाच्या दुसऱ्या प्रोटीनशी हातमिळवणी करते आणि अ‍ॅस्ट्रोसाइटच्या जनुकांवर जाऊन बसते. दुसरं कारण डीएनएवरच. जीएफएपीच्या जनुकासमोर स्टॅट-३ जिथे बसतं, त्या जागेवर अकराव्या दिवशी मेथिल गट असतो. स्टॅट-३ आलं तरी बसू शकत नाही. चौदाव्या दिवसापर्यंत तो गट निघालेला असतो. काडी जून झाली, इतकंच.

आणि स्टॅट-३ ला जागं करणारा निरोप कोण देतं? तयार झालेले न्यूरॉनच. ते कार्डिओट्रोफिन-१ सोडतात आणि मागे राहिलेल्या मूलपेशींना अ‍ॅस्ट्रोसाइटकडे वळवतात. पुरेसे न्यूरॉन झाल्याखेरीज हा निरोप पुरेसा जोराचा होत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शुभा टोळे यांच्या गटाने २०११ मध्ये या वळणावरचा आणखी एक पहारेकरी शोधला, एलएचएक्स-२. हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी जोडलेल्या भागात ते काढून टाकलं तर मूलपेशी वेळेआधीच अ‍ॅस्ट्रोसाइट होतात. जास्त घातलं तर न्यूरॉन बनण्याचा काळ लांबतो. हे सगळीकडे होत नाही, मुख्यतः हिप्पोकॅम्पसमध्ये. म्हणजे वेळेबरोबर जागाही आली.

जाता जाता, पेशींच्या माध्यमात बी-२७ नावाचा पूरक घटक घालतात, तो जीवनसत्त्व अ असलेला आणि नसलेला असा दोन प्रकारांत मिळतो. मूलपेशी मूलपेशीच ठेवायच्या तर नसलेला. कारण जीवनसत्त्व अ पासून पेशी रेटिनॉइक आम्ल करते आणि ते त्यांना न्यूरॉन व्हायला ढकलतं. हापूसच्या रंगातल्या बीटा-कॅरोटीनपासून शरीर जीवनसत्त्व अ करतं, हेही खरं. पण यावरून 'आंबा खा, मेंदू वाढवा' असा व्हिडिओ कुणी केला तर माझं नाव घालू नका. आणि मुरुमांवरचं आयसोट्रेटिनॉइन हे याच घराण्यातलं औषध गरोदरपणात का चालत नाही, ते आता लक्षात आलं असेल.

चौथी भेट मोठ्या, पूर्ण वाढलेल्या मेंदूत. इथे बीएमपी उरल्यासुरल्या मूलपेशींना निजवून ठेवतं. २०१० मध्ये उंदरांत ते अडवून पाहिलं: मूलपेशी जाग्या झाल्या, काही काळ नवे न्यूरॉन जास्त आले, आणि मग साठाच आटला. माणसात मोठेपणी नवे न्यूरॉन होतात की नाही यावर तर अजून हातघाई चालू आहे. २०१८ च्या मार्चमध्ये एका गटाने लिहिलं, प्रौढांत दिसत नाहीत. एप्रिलमध्ये दुसऱ्याने लिहिलं, म्हातारपणीही दिसतात. दोन्ही पेपर मी आलटून पालटून वाचलेत. माझा कल पहिल्याकडे आहे, पण पैज लावणार नाही.

हे सगळं इतकं लांबण लावून लिहायचं कारण मालवणच्या मामांना झालेला पॅरालिसिस. उजवी बाजू गेली, बोलणंही अडखळतं. मामेभावाने, म्हणजे दादाने, मला व्हॉट्सअ‍ॅपवर एका क्लिनिकची जाहिरात पाठवली: स्टेम सेलची इंजेक्शनं, काही लाखांत, मेंदू नव्याने घडवू. खाली प्रश्न: "तू ह्याच शिकलंस मा? करूया?"

मार लागलेल्या मेंदूत आधीच बीएमपीची आणि सूज आणणाऱ्या सिग्नलची पातळी वर असते. तिथल्या मूलपेशी त्या वातावरणात बहुतेक अ‍ॅस्ट्रोसाइटच होतात आणि जखमेभोवती व्रण धरतात. बाहेरून कच्च्या मज्जामूलपेशी सोडल्या तरी बहुतेकींचं हेच होतं, ज्या जगतात त्यांचं. २०२५ च्या एप्रिलमध्ये पार्किन्सनवरच्या दोन छोट्या चाचण्यांचे निकाल आले, एक न्यूयॉर्कच्या गटाची १२ रुग्णांवर, एक क्योतोची ७ रुग्णांवर. दोन्हीकडे पेशी कच्च्या घातलेल्या नाहीत. आधी डिशमध्ये बीएमपी आणि त्याच्या भावकीची वाट अडवली, मग हेजहॉगची वाट चालू केली, विंटची मात्रा जोखून दिली, आणि डोपामिनवाल्या न्यूरॉनच्या उंबऱ्यापर्यंत आणून मगच मेंदूत नेमक्या जागी सोडल्या. तरीही मुख्य दावा एवढाच की हे सुरक्षित दिसतंय आणि पेशी टिकून डोपामिन करतायत. पार्किन्सनमध्ये निदान एकाच जातीचे न्यूरॉन एका ठरावीक जागी हवे असतात. पॅरालिसिसमध्ये अख्खा प्रदेश गेलेला असतो, दहा जातींच्या पेशींसकट.

आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत: रक्ताच्या ठरावीक आजारांतलं मूलपेशींचं रोपण सोडलं तर बाकी सगळं अजून प्रयोगाच्या पातळीवर, आणि ते फक्त मंजूर क्लिनिकल ट्रायलमध्येच करायचं. ट्रायल असेल तर तिची क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडियात नोंद हवी, नंबर विचारला की सांगता आला पाहिजे. रुग्णाकडून त्याचे पैसे घ्यायचे नसतात.

दादाला म्हटलं, फोन लाव, स्पीकरवर घे, मी बोलते. पेशी कुठून घेणार, विचारलं. पोटातल्या चरबीतून, मॅडम. मग त्या मेंदूत जाऊन न्यूरॉन कशा होणार? पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "स्टेम सेल असतात ना, जिथे जातात तिथलं होतात." ट्रायलचा नोंदणी क्रमांक? "तुम्ही एकदा येऊन तर जा, डॉक्टर सगळं सांगतील. अ‍ॅडव्हान्स ऑनलाईन भरलात तर डिस्काउंट आहे."

दादाने अ‍ॅडव्हान्स भरला नाही. कणकवलीची एक फिजिओथेरपिस्ट आता आठवड्यातून तीनदा घरी येते. तिने आल्या आल्या मामांचा पाण्याचा तांब्या डावीकडून उचलून उजवीकडे ठेवायला लावला, आणि कुणी तो हातात द्यायचा नाही, मामीनेही नाही, असं बजावलं.